चौफुलीवरचे लांब बोल्ट

कोहमाऱ्याला बस पंक्चर झाली, म्हणून मी धाब्याच्या बाजेवर लॅपटॉप उघडून बसले. २०१२चा नोव्हेंबर. नागपूरहून कुडव्याला आईकडे निघाले होते, पण एम.टेक.चं काम अर्धवट होतं — चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीचं कॉम्प्युटर मॉडेल. बोगद्याचं छत तोलायला कुठे किती लांबीचे बोल्ट ठोकायचे, ते त्यावरून ठरणार होतं.

"हे लाल काऊन दिसून राहिलं जी?"

मी मान वर केली. बाजेपाशी एक तरुण उभा, दोन्ही हातांत चहा. डोळ्यांच्या कडांना काजळासारखी कोळशाची रेघ...

"तिथं ताण जास्त आहे. दोन बोगदे मिळतात ना, ती चौफुली."

"मालूम आहे. ही आमचीच खाण. तिथं बोल्ट मीच मारतो."

तो विवेक, नवेगाव बांधचा. सुटीवर गावी चालला होता. त्यानं एक चहा माझ्यापुढे ठेवला.

"हा कोणासाठी होता?"

"दोन्ही माझेच. आता एक तुमचा."

मग तो स्क्रीनकडे वाकला. "पण मॅडम, तुमचं छत म्हणजे एकच सलग दगड. आमच्याकडं दीड मीटरवर मातीचा पातळ थर आहे. बोल्ट तिथंच संपतो, वरच्या पक्क्या दगडात पोचतच नाही. ड्रिल मारताना हाताले समजते."

त्यानं तळहात पुढे केला. मी तो जरा जास्तच वेळ पाहिला.

मॉडेलमध्ये तो थर घातला, तर लाल रंग दुप्पट पसरला. माझ्या सरांनी अहवाल खाणीत पाठवला. तिथल्या साहेबांनी छताला भोकं पाडून पाहिलं, थर सापडला. जानेवारीत चौफुल्यांवर लांब बोल्ट बसू लागले, आणि रोज संध्याकाळी विवेकचा फोन येऊ लागला.

"आज किती बसवले?"

"सहा. तुमची आठवण किती वेळा आली, ते मोजलं नाही."

फेब्रुवारीत मी कुडव्याला असताना दुपारी सरांचा फोन आला. खाणीत छत पडलं होतं. कुठं, कोण — काहीच कळत नव्हतं. विवेकचा मोबाईल बंद. माझी आकडेमोड चुकली असेल का... पण थोड्या वेळानं आकडेही सुचेनात. तोच डोळ्यांपुढे. आई नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

चार वाजता अनोळखी नंबर.

"समीक्षा —" पहिल्यांदाच 'मॅडम' नव्हतं.

"विवेक! कुठं आहेस?"

"वर. ऑफिसातून बोलून राहिलो. बोगद्याचं छत पडलं, पण चौफुलीपर्यंत आलं आन् थांबलं. आम्ही नऊ जण चौफुलीतच होतो... कोणाले खरचटलं पण नाही."

मी ढसाढसा रडले.

"काऊन रडून राहिली? तुझं गणित तर बरोबर निघालं."

"गणितासाठी नाही रडत, येड्या!"

त्यानं हळूच विचारलं, "मंग रविवारी मायले घेऊन येतो कुडव्याला. येऊ?"

माझ्या कानाशी कान लावून ऐकणाऱ्या आईनंच फोन हातातून ओढून घेतला.

"ये बाबू. आन् त्या नऊच्या नऊ जणांले घेऊन ये. जेवायलेच या!"