किनुए जुसारा

पोरीच्या बापानं असं वागावं का? सात दिवस पुरते झाले नाहीत, तोवर वाल्देसीर एकटाच नोंदणी कचेरीत जाऊन बाळाचं नाव लावून आला. बायकोला विचारलं नाही. आणि जिच्या कोंबड्यांची अंडी रोज गाडीत भरतो, त्या फुसाए बाचानला, बायकोच्या सख्ख्या आजीला, तर नाहीच नाही!

तसा तो पहिल्या दिवसापासूनच आगाऊ. तीन वर्षांपूर्वी ट्रक मागे घेताना त्यानं कोंबड्यांचं फाटकच पाडलं. चाळीस कोंबड्या बास्तोस गावच्या लाल मातीत उधळल्या. बाचानची नात मिचियो तणतणत धावली, तर हा दोन कोंबड्या काखोटीला मारून उभा.

"ह्या तुझ्या का?"

"नाही, तुझ्या मावश्या!"

"मग… मावश्यांना भेटायला रोज यावं लागेल."

मिचियोनं ओठ चावला, तरी हसू फुटलंच. बाचाननं ते दारातून पाहिलं आणि ओळखलं, पोरगी हातची गेली. पोरीचे आईबाप पूर्वजांच्या देशात, जपानात, कारखान्यात राबत होते, राखण बाचानची. राखून काय उपयोग झाला?

आज सातवा दिवस, नाव ठेवायचा. बाचाननं लाल चवळीचा भात केला, शाई उगाळली, कोरा कागद पसरला. नाव लिहून देव्हाऱ्याशेजारी लावायचं. मिचियो बाळाला घेऊन बसली. तेव्हा वाल्देसीरनं खिशातून कचेरीचा कागद काढला.

मिचियोनं वाचलं. "किनुए… जुसारा…"

बाचानच्या हातातला कुंचला तिथेच थांबला.

जुसारा म्हणजे वाल्देसीरची आई, दोन वर्षांपूर्वी वारलेली. आणि किनुए बाचानची धाकटी बहीण. कॉफीच्या मळ्यात आठव्या वर्षी तापानं गेली. देव्हाऱ्यात तिचा एक फोटो होता, पण सत्तर वर्षांत ते नाव कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. अकाली गेलेल्या पोरीचं नाव तान्ह्या बाळाला? आपल्या जपानी माणसांत शत्रूसुद्धा असं करत नाही!

"मला तरी विचारायचंस!" मिचियो आधी कडाडली.

"तू झोपली होतीस. झोपेत तू इतकी गोड दिसतेस, की—"

"लाडीगोडी नको! फोटोतली मुलगी कोण, ते मी तुला सांगितलं होतं. ती कशी गेली, तेही सांगितलं होतं!"

"म्हणून तर…" त्यानं मान खाली घातली. "आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव बाळाला देतात. म्हणजे घरात पुन्हा त्याला कुणीतरी हाक मारतं. आईला आता कोण हाक मारतं? आणि त्या मुलीला…?"

"पुरे!" बाचान ओरडली. "जा, बदलून आण. नाहीतर मी कागदाला हात लावणार नाही. मिचियो, तू बाळाला घेऊन आत ये. ह्याला जाऊ दे जिकडे जायचं तिकडे."

मिचियो उठली. बाळ छातीशी धरून ती गेली खरी, पण वाल्देसीरशेजारी जाऊन उभी राहिली.

"मी ह्याच्यावर तुमच्याहून जास्त चिडलेय, बाचान. महिनाभर चिडणार आहे. पण चिडायला तो समोर हवा ना? माझं प्रेम आहे ह्या मूर्खावर."

"असं तू आधी कधी… म्हणाली नव्हतीस," वाल्देसीर पुटपुटला.

"तू गप्प बस!" त्याच्या खांद्याला खांदा लावत ती म्हणाली. मग बाळाकडे वळून हळूच, "हो ना गं, किनुए?"

बाळानं डोळे उघडले.

बाचाननं एकदा देव्हाऱ्यातल्या फोटोकडे पाहिलं. मग तिनं कुंचला उचलला. किनुएची दोन जपानी चित्राक्षरं वडिलांनी शिकवली होती तशीच उतरली, ठसठशीत. शेजारी तिनं जुसारा लिहिलं, इथल्या लिपीत, साध्या, बाळबोध अक्षरांत. ती लिपी तिला तेवढीच येत होती. मग वाल्देसीरकडे बोट रोखलं.

"ऐक रे, फाटकमोड्या! न विचारता नाव लावलंस, तो गुन्हा आहे, आणि मी तो माफ केलेला नाही. रोज सकाळी पोरीला पहिली हाक तू मारायचीस, कोंबड्यांच्या कलकलाटातही मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. एक दिवस चुकलास तर ट्रकसकट बाहेर काढीन. आणि हिला नववं लागेल ना… त्या दिवशी माफ करीन. तोवर मला जगवायची जबाबदारीही तुझीच!"