चार नंबरच्या लेनची पाळी

श्रीनाथ परब त्या सोमवारी दुपारी एक खुर्ची आणायला निघाला होता. बाकी काही नाही, फक्त एक खुर्ची.

नदीवरच्या टोल पुलावर रोख पैसे घेणं बंद होऊन तीन आठवडे झाले होते. गाड्या आता थांबत नसत. वर लावलेले कॅमेरे नंबरप्लेट वाचत आणि टोल ज्याच्या त्याच्या खात्यातून आपोआप वळता होई. सात लेनमधल्या सात केबिनपैकी सहा केबिन क्रेनने उचलून नेल्या होत्या. चार नंबरची तेवढी उरली होती, कारण कॅमेऱ्यांच्या वायरी तिच्या भिंतीतून जात होत्या. कंपनीच्या सामानाच्या यादीत तिच्यापुढे लिहिलं होतं, 'खुर्ची, एक नग'. आणि जर्मनीत एखादी खुर्ची यादीत असली, की ती जगात कुठेतरी असावीच लागते.

साडेचार वाजून गेले होते. नोव्हेंबरात या गावात चहाच्या वेळेलाच दिवेलागण होते. नदीवरचं धुकं पुलाच्या कठड्यावरून आत आलं होतं, आणि त्या धुक्यातून गाड्या येत होत्या त्या आधी आवाजाने, मग दिव्यांनी, आणि सगळ्यात शेवटी गाडी म्हणून. पुलाच्या सांध्यावरून चाकं गेली की थड् थड् असा आवाज येई. दोन थड्, मग शांतता. पुन्हा दोन थड्.

श्रीनाथने केबिनचं दार उघडलं. आतून वास आला. ओल्या लोकरीच्या कोटाचा, जुन्या नाण्यांचा, आणि त्या दोन्हींवर पेपरमिंटचा. खुर्ची होती. फिरती होती, आणि तिच्यावर कुणीतरी हाताने विणलेली हिरवी गादी होती. उचलण्यासाठी त्याने गादीवर हात ठेवला.

गादी उबदार होती. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

श्रीनाथ इंजिनिअर होता. त्याने आधी वायरींचा विचार केला. वायरी समोरच्या भिंतीत होत्या. मग त्याने हीटरचा विचार केला. हीटर त्याने स्वतःच गेल्या आठवड्यात काढून नेला होता. मग त्याने विचार करणं थांबवलं, हळूच दार लावलं आणि यादीत खुर्चीपुढे लिहिलं, 'चौकशी चालू'.

खरी चिंता खुर्चीची नव्हती. ती होती नोंदींची.

शुक्रवारी शहराचा तपासनीस सगळी यंत्रणा बघून ताब्यात घेणार होता. त्या दिवशी नोंदींमध्ये एकही न उलगडणारी ओळ दिसता कामा नये, असं फ्राउ क्लासेन, म्हणजे श्रीनाथच्या साहेबबाई, तीनदा म्हणाल्या होत्या. त्यांचा आवाज कधीच चढत नसे, म्हणून तर भीती वाटे. श्रीनाथची सहा महिन्यांची परीक्षेची मुदत, जिला इथे 'प्रोबेत्साइट' म्हणतात, तीही त्याच आठवड्यात संपत होती. शुक्रवार नीट पार पडला तर नोकरी कायम. नाहीतर नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणजे काही महिन्यांत व्हिसाही नाही. म्युनिकचं भाडं परवडेना म्हणून तो आणि त्याची बायको वीणा या गावात आले होते. इथून पुढे जायला त्यांना जागा नव्हती.

आणि नोंदींमध्ये रोज एक ओळ उमटत होती. 'लेन चार. रोख. १६:४२. पाळी सोपवली:' आणि त्यापुढे कोरी जागा.

'रोख' हा शब्दच श्रीनाथने त्या यंत्रणेतून स्वतःच्या हाताने काढून टाकला होता. त्याने ती ओळ पुसली की दुसऱ्या दिवशी चार बेचाळीसला ती परत येई. कोऱ्या जागेसकट.

मंगळवारी त्याने ही गोष्ट उवेला सांगितली. उवे पुलावरचा जुना वायरमन होता, दीड वर्षाने निवृत्त होणार होता. तो श्रीनाथला नुसतं 'श्री' म्हणे.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', उवे म्हणाला, आणि त्याने डब्यातला पाव खाली ठेवला. उवेने पाव खाली ठेवलेला श्रीनाथने आजवर पाहिला नव्हता.

उवेने सांगितलं ते असं. चार नंबरमध्ये चौतीस वर्षं हेर, म्हणजे श्रीयुत, ओटरमान बसत. एका सेंटचीही सूट त्यांनी कधी कुणाला दिली नाही. एकदा पुलावरून महापौरांची गाडी आली तेव्हाही खिडकीतून हात बाहेर काढून ते म्हणाले होते, "पासेंड, बिट्टे", म्हणजे नेमके सुटे द्या. महापौरांकडे सुटे नव्हते. मागे नदीपलीकडच्या चर्चपर्यंत रांग लागली होती. रोज चार बेचाळीसला ते पाळी सोपवत आणि चार पन्नासची बस पकडत. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियाने ते गेले, इस्पितळात, अगदी रीतसर.

"मग आता त्यांचं काय अडलंय?" श्रीनाथने विचारलं.

उवेने आजूबाजूला पाहिलं. "बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम आहे, श्री. आधी होते बदलीचे. आता तुम्ही सगळ्यांना काढून टाकलंत ना..."

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं, की श्रीनाथला क्षणभर ओटरमान यांची माफी मागावीशी वाटली.

घरी त्याने गोष्ट हसण्यावारी नेत सांगितली. वीणा हसली. वीणाची आई हसली नाही. मनोरमाबाई कुडाळजवळच्या गावातून तीन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या. त्यांचे यजमान गावचे मानकरी होते. देवळात, शेताच्या बांधावर, विहीर खणण्याआधी गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा असे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. जावयाचं बोलणं मनोरमाबाईंनी भाजी निवडता निवडता शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"अहो श्रीनाथराव, काम सुरू करण्याआधी तिथल्या राखणदाराला विचारलं होतंत का?"

श्रीनाथने सांगितलं, की शहराची परवानगी होती, पाणीखात्याची होती, पक्ष्यांसाठी वेगळी होती. राखणदारासाठी अर्जाचा नमुना नव्हता.

"तिथेच चुकलं," मनोरमाबाई म्हणाल्या आणि उद्या कुठून तरी नारळ आणायला सांगितला.

बुधवारी सव्वाचारला मनोरमाबाई पुलावर हजर झाल्या. स्वेटरवर कोट, कोटावर उवेने दिलेलं चमकणारं पिवळं जाकीट, डोक्यावर हेल्मेट आणि हातात नारळ. त्याआधी उवेने त्यांच्याकडून सुरक्षेच्या सूचनांच्या दोन पानांवर सही घेतली होती. नारळ फोडायचा म्हटल्यावर त्याने सगळ्यांना गॉगल वाटले. मनोरमाबाईंनी गॉगल लावला, पदर खांद्यावरून घेतला आणि श्रीनाथला बजावलं, की आपण थांबलो की 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, त्या जर्मन माणसालाही म्हणायला सांगा. एरवी गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं असतं. पण इथे अडवायला गाव नव्हतं.

धुकं दाट होत होतं. चार नंबरच्या केबिनची सरकती खिडकी बंद होती. काचेला आतून बाष्प धरलं होतं. बाहेरून नाही... आतून.

"बा देवा म्हाराजा," मनोरमाबाईंनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "ह्या पुलार जो कोण राखणदार बसलेलो आसा, त्येका आज आमी ह्यो नारळ ठेवून गाऱ्हाणा घालतव..."

"व्हय म्हाराजा," श्रीनाथ म्हणाला.

"जा, गेनाऊ," उवे म्हणाला, म्हणजे 'हो, अगदी बरोबर'. त्याने हेल्मेट काढून छातीशी धरलं होतं, आणि मग नियम आठवून परत घातलं.

"माज्या जावयान तुका न इचारता तुजो धंदो बंद केल्यान, ती चूक पोटात घाल रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"गेनाऊ."

"पोराक इदेशात दुसरो आसरो नाय. त्येची नोकरी कायम कर. तुजी जागा तो रिकामी ठेवचो नाय रे म्हाराजा..."

जागा रिकामी न ठेवण्याच्या या शेवटच्या वचनाची श्रीनाथला कल्पना नव्हती. तो सासूबाईंकडे बघत राहिला आणि उत्तर द्यायचं विसरला. उवे नारळाकडे बघत होता. चाकांचा आवाजही नेमका थांबला होता. त्या शांततेत बंद खिडकीच्या आतून कुणीतरी हलक्या, समाधानी आवाजात म्हणालं,

"गेनाऊ."

श्रीनाथने उवेकडे पाहिलं. उवेने डोकं हलवलं. मी नाही.

घड्याळात चार बेचाळीस झाले होते. मनोरमाबाईंनी नारळ फोडला, एक वाटी केबिनच्या पायरीवर ठेवली, आणि बसमध्ये बसेपर्यंत तिघांपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही. उवेला तर त्या बसने जायचंही नव्हतं.

त्या दिवशी ओळ उमटली नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी तपासनीसाने दोन तास नोंदी पाहिल्या, काही सापडलं नाही म्हणून जरा नाराज झाला आणि सही केली. फ्राउ क्लासेननी श्रीनाथचा हात हातात घेऊन पहिल्यांदाच दात दाखवले. संध्याकाळी तो कायमचा करार घेऊन घरी आला.

वीणाने शिरा केला. मनोरमाबाईंनी कागद हातात घेऊन वर-खाली पाहिला आणि एका जागी बोट ठेवून विचारलं, की इथे ही रेघ का मारली आहे.

"ती संपायची तारीख, आई," श्रीनाथ म्हणाला. "ती नसतेच. बिनमुदतीचा करार आहे."

मनोरमाबाईंचं बोट तिथेच राहिलं. गाऱ्हाण्यात मुदत सांगायची असते, त्या हळूच म्हणाल्या. यजमान नेहमी सांगायचे, अमुक दिवसापर्यंत, तमुक सणापर्यंत. नाहीतर राखणदार सोडत नाही. आपण घाईत ते सांगितलं का, ते त्यांना आठवत नव्हतं. वीणा म्हणाली, "आई, बिनमुदतीच्या नोकरीसाठी इथे लोक वर्षानुवर्षं थांबतात. तू शिरा खा." आणि सगळ्यांनी शिरा खाल्ला.

पुढच्या सोमवारी यादी पूर्ण करायची होती. सगळं जुळत होतं, एक वस्तू सोडून. श्रीनाथ साडेचारनंतर पुन्हा खुर्ची आणायला निघाला. धुकं होतंच. थड् थड् होतंच. पायरीवरची नारळाची वाटी मात्र नव्हती; ती खारीने नेली असणार, असं त्याने स्वतःला सांगितलं.

आत खुर्ची होती. गादीवर हात ठेवला तर आज ती थंडगार होती. त्याला इतकं हायसं वाटलं, की तो जरा टेकला. फक्त एक मिनिट.

बाहेर एक गाडी थांबली. या पुलावर आता गाड्या थांबत नसत. खिडकीवर टकटक झाली. श्रीनाथने खिडकी सरकवली, धुक्यातून एक हातमोजा पुढे आला आणि ताटलीत नाणी पडली. नेमके सुटे होते. गाडी गेली. मागे दुसरी होती.

त्याला कुणी धरून ठेवलेलं नव्हतं. दार उघडं होतं, पाय त्याचेच होते. फक्त बदलीचा माणूस येण्याआधी उठणं बरं दिसत नव्हतं. हे त्याला इतकं स्वच्छ पटलं, की त्या पटण्याचीच त्याला भीती वाटली. पाचव्या गाडीनंतर त्याने कसाबसा फोन काढला आणि घरी लावला.

"वीणा... मला जरा उशीर होईल. काळजी करू नका. बदलीवाला आला की लगेच..."

पलीकडे वीणा हसली, पण अर्धंच.

"कसली गंमत करतोयस? सात वाजलेत. तू केव्हाच आलायस. बाथरूममधून फोन करतोयस का? इतका वेळ हात धुतोयस..." तिचा आवाज खाली आला. "आणि श्रीनाथ, बूट इतके सरळ रेषेत ठेवायला कधी शिकलास?"

तिच्या मागे नळ बंद झाला. स्वयंपाकघरात ताट ठेवल्याचा आवाज झाला. मनोरमाबाई मायेने विचारत होत्या, "श्रीनाथराव, नारळाची वडी आणखी एक वाढू ना?"

आणि श्रीनाथच्याच आवाजात कुणीतरी समाधानाने म्हणालं, "गेनाऊ."

फोन कानाशी तसाच धरून श्रीनाथने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार बेचाळीस झाले होते. पहिली गाडी थांबली तेव्हाही चार बेचाळीसच झाले होते. खिडकीवर पुन्हा टकटक झाली. त्याच्या जिभेवर पेपरमिंटची चव आली होती, आणि त्याने तर आयुष्यात कधी पेपरमिंट खाल्लं नव्हतं.