रिकाम्या घरट्यांचं झाड

महापालिकेच्या वृक्ष अधिकारी बाई नुकत्याच ऑफिसात येऊन टेकल्या होत्या, तोच निसर्ग उद्यानाच्या राखणदाराचा फोन आला. "मॅडम, शिरीष गेला," एवढंच तो म्हणाला. घरचं माणूस गेल्यासारखं.

शहराच्या पोटात, चहूबाजूंनी इमारतींच्या वेढ्यात ते उद्यान कसंबसं तग धरून होतं. एक तळं, काठाला पाणकणीस, त्यात लपणाऱ्या पाणकोंबड्या, तारेवरून सूर मारणारा खंड्या. पण लोक येत ते म्हाताऱ्या शिरीषावरची रातबगळ्यांची वसाहत बघायला. त्या वसाहतीपायीच ही जागा राखीव होती. झाड गेलं की राखीवपण गेलं, आणि बिल्डर टपून बसलेलेच होते.

शिरीषाची पानं उभ्या झाडावर करपली होती. बाईंनी बुंध्यावरून हात फिरवला. रस्त्यावरून दिसणार नाही अशा बाजूला, जमिनीलगत, बोटांना मेण लागलं. वरून माती चोपडलेलं. ते खरवडलं तेव्हा गिरमिटानं पाडलेली भोकं उघडी पडली आणि तणनाशकाचा भपकारा आला.

"वाचेल?" राखणदारानं विचारलं.

"नाही."

पोलिसांचा संशय त्याच्यावरच होता. तणनाशकाचा डबा अवजारांच्या खोलीतून नाहीसा झाला होता आणि किल्ली त्याच्या कमरेला. संध्याकाळी त्याला चौकीवर हजर व्हायचं होतं. दुसरी किल्ली सरांकडे असे, पण त्यांचं नाव घ्यायची कुणाची जीभ रेटली नाही. निवृत्त विज्ञान शिक्षक. ही जागा वाचवण्यासाठी त्यांनी उमेदीची वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

शेजारच्या इमारतीचे सेक्रेटरी मात्र मनातलं लपवत नव्हते. गाड्या घाण होतात, दुर्गंधी सुटते, मेलं ते बरंच झालं, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

"पिल्लं कधी उडाली, आठवतं?" बाईंनी विचारलं.

"पिल्लं? वर बघतो कोण?"

बाई पुन्हा झाडाखाली आल्या. घरटी सगळी रिकामी होती, पण खाली एकही मेलेलं पिल्लू पडलेलं नव्हतं. बुंध्यावर खांद्याच्या उंचीला सालीचा एक फिकट पट्टा दिसत होता. तिथे एक आमरी, सालीला धरून वाढणारं ऑर्किड, असायची, राखणदार म्हणाला. फुलली की लोक फोटो काढायचे. ती पलीकडच्या झाडावर सापडली. कुणीतरी हळुवारपणे सोडवून, दवाखान्यातल्या जाळीदार पट्टीनं तिथे बांधली होती. तिनं नवी मुळं धरली होती. राखणदाराच्या खोलीत तसली पट्टी नव्हती; हे काम त्याचं नव्हतं.

सरांचं घर उद्यानाच्या कुंपणाला लागूनच होतं. पुढच्या खोलीत त्यांच्या पत्नी, काकू, उशांना टेकून बसल्या होत्या, नाकात ऑक्सिजनची नळी. श्वासासाठी त्यांचे खांदे वरखाली होत होते. सर बाईंना मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथे भिंतभर पिंजरे होते: पंख मोडलेली कबुतरं, एक आंधळा पोपट, लंगडा रातबगळा. टेबलावर तसल्याच पट्टीची गुंडाळी.

बाईंनी दार लोटून घेतलं.

"सर, ज्याला बगळ्यांचा राग होता तो पिल्लं उडेपर्यंत थांबला नसता. आमरीसाठी तर मुळीच नाही. हे ज्यानं केलं, त्यानं आधी झाडावरचे जीव वाचवले. तशी माया असलेला आणि ती किल्ली असलेला माणूस मला एकच दिसतो. राखणदाराचं म्हणाल तर त्यालाही माया आहे, पण ही पट्टी त्याच्या खोलीत नाही."

सर खिडकीपाशी गेले. मग त्यांनी सगळं सांगितलं. पक्ष्यांच्या पिसांची, विष्ठेची धूळ काकूंच्या फुप्फुसांना बाधते आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. घर सोडायला काकू तयार नव्हत्या. खिडकी उघडली की समोर शिरीष.

"झाड की ही, एवढंच उरलं होतं," ते म्हणाले. "पण बगळे जाऊन इतके दिवस झाले, तरी हिचं खालावतच चाललंय. ते का, हे मला कळत नाही."

बाईंना उत्तर कळलं होतं. ते त्यांना द्यायचं नव्हतं.

"डॉक्टरांना ही खोली दाखवली होतीत?"

"ही कशाला? ही तर घरातलीच आहेत."

बोलता बोलता सर थांबले. उघड्यावरची धूळ वारा नेतो, बंद घरातली घरातच फिरते, हे त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं असेल. त्यांनी पिंजऱ्यांकडे पाहिलं, मग दाराकडे, ज्याच्या पलीकडे तो श्वास ऐकू येत होता.

"आता या पाखरांना हलवलं तर?"

"लगेच हलवा," बाई म्हणाल्या. पण उशीर होऊन गेला होता. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं सरांनीच मघाशी सांगितलं होतं.

राखणदाराच्या आधी आपण चौकीवर पोचू, असं सरांनी कबूल केलं. कोण आलंय म्हणून काकूंनी बाहेरून विचारलं. ऑफिसातलं कुणीतरी, असं सरांनी सांगितलं. मग त्यांनी खिडकीच्या दोन्ही झडपा ढकलल्या आणि एकेका पिंजऱ्याची कडी काढत गेले.

एकही पक्षी जागचा हलला नाही.