खिशातला फ्यूज

थोरली नात शाळेत जाऊ लागली, त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाने बोटीत फ्रीज बसवायचं ठरवलं. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा. नातीच्या पाटीवर तिच्याबरोबर अक्षरं गिरवत होतो.

शिडाची ती बोट वडिलांची. तिच्यातली वायर न् वायर मी ओढलेली. पण जाताना वडील म्हणाले, "ज्याला नकाशा वाचता येतो, त्याची बोट." नकाशा धाकट्याला वाचता येत होता. मला अक्षरओळखही नव्हती.

"दादा, यंदा महिनाभर समुद्रावर राहणार," धाकटा म्हणाला. "गार पाणी तेवढं हवं. आणि हे काम तुझ्याशिवाय कोण करणार?"

"थोरल्याने वायर ओढायची, धाकट्याने गार पाणी प्यायचं."

तो खो खो हसला. मी थट्टा केली नव्हती.

जुनी बॅटरी काढून दोन मोठ्या बसवल्या. अंगठ्याएवढी जाड केबल टाकली. टपावर सोलर पॅनेल, आत करंट दाखवणारा काट्याचा मीटर. प्रत्येक वायरीला माझ्या हातची चिठ्ठी लावली. 'फ्रीज' लिहिताना तीन चिठ्ठ्या फुकट गेल्या.

मग सगळी बटणं बंद केली. काटा शून्यावर यायला हवा होता. तो चारवर थांबला.

एकेक वायर सोडवली. चारच. मीटर बदलला. चारच.

"घामाघूम झालायस," धाकटा म्हणाला. "धक्क्यावर जाऊन वारा खा जरा."

मी उतरलो. आतून त्याची हाक आली, "दादा, शून्य!"

परत चढलो. चार.

"मग दोष तुझ्यातच आहे की रे!" म्हणत तो हसत मागच्या फळीवर टेकला. वडील त्याच फळीवर बसायचे. मी बघत होतो. काटा सहावर गेला. धाकट्याची मीटरकडे पाठ होती.



दुसऱ्या दिवशी सकाळी तो शीड पाहायला फेरी मारणार होता.

"फ्रीजचा फ्यूज लाव की."

"काम पुरं झालेलं नाही."

आमच्या घरचा नियमच तसा. काम पुरं होईपर्यंत फ्यूज वायरमनच्या खिशात. खरं तर काम काहीच उरलं नव्हतं. मला तो द्यायचा नव्हता, एवढंच.

ऊन तापलं होतं. धक्क्याचा दगड चपलेतून भाजत होता. शिडात वारा भरला आणि बोट निघाली. इतकी देखणी ती मला कधी दिसली नव्हती. माझी नजर तिच्यावरून हलेना.

"दादा!" लांबून त्याने पेला उंच धरला. "पाणी गार झालं रे!"

मी खिसा चाचपला. फ्यूज खिशातच होता.

"काटा किती?" मी ओरडलो.

"दहा! अरे, चौदा! थांबव की!"

पाठ फिरवून घरी जायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

मी गेलो नाही.

बघत राहिलो.

दुपारी वाऱ्याने बोट आपोआप धक्क्याला लागली. धाकटा वडिलांच्या फळीवर बसलेला होता, पेला हातात घट्ट धरून. पेल्यातलं गोठलेलं पाणी वितळायला तासभर लागला.

धाकटा भाऊ नऊ मे रोजी सकाळी गेला. वय अठ्ठावन्न. गारठून मृत्यू, असं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं.

तो कागद मला वाचता आला.