बारावी पायशेगडी

बॉस्टनच्या रस्त्यावरच्या जेरुशाच्या सराईत हिवाळ्यातल्या रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसे. समोरच्या प्रार्थनाघरात चूल नव्हती. दोन प्रवचनांच्या मधल्या वेळेत अख्खं गाव इथे ऊब घ्यायला यायचं. घरटी एक अशा पायशेगड्या, म्हणजे पाय शेकायच्या पत्र्याच्या पेट्या, चुलीपुढे रांगेनं मांडायच्या आणि निखारे जेरुशानं भरायचे, असा रिवाजच होता.

"जेरुशाबाई, भरा जरा सढळ हातानं," म्हातारा एलिफलेट म्हणाला. "तिकडे नरकाच्या आगीचं एवढं वर्णन चालतं, पण पाय आपले गारच!"

सगळे हसले. जेरुशाचा हात मात्र थांबला होता. घरं अकरा, शेगड्या बारा. बारावीच्या पत्र्यावर भोकांचा बदाम होता... तो विसरणं तिला शक्यच नव्हतं.

गेल्या वर्षी हिमवादळात, ऐन प्रवचनाच्या वेळी दार वाजलं होतं. प्रवचन चालू असताना दार उघडलं तर सराईचा परवाना जाई, आणि प्रार्थनाघराचे पहारेकरी मुद्दाम कुणाला तरी पाठवून परीक्षा पाहत. त्यांचाच डाव असेल, असं समजून तिनं दार उघडलं नाही. दुपारी पायरीवर एक अनोळखी बाई गोठलेली सापडली. मांडीवर विझलेली पायशेगडी, पत्र्यावर हाच बदाम. ती शेगडीही तिच्याबरोबरच पुरली. दार वाजल्याचं जेरुशा आजवर कुणापाशी बोलली नव्हती.

दुसऱ्या प्रवचनाची घंटा झाली. जो तो आपापली शेगडी उचलून निघाला. जेरुशाची एकुलती एक लेक, नऊ वर्षांची डॉर्कस, शेजाऱ्यांबरोबर गेली. बारावी तेवढी मागे राहिली.

जेरुशाला राहवेना. परवाना गेला तर गेला! तिनं शेगडी भरली, दार सताड उघडलं आणि त्याच्याकडे तोंड करून बसली.

"ये बाई... शेक पाय," ती पुटपुटली. "चुकलं माझं."

ओल्या लोकरीचा वास आला. दिसलं कुणीच नाही. बर्फ तेवढा भुरभुरत आत येत होता. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

दिवस कलता कलता डॉर्कस मागच्या दाराची गोठलेली कडी कशीबशी सरकवून आत आली. ओठ निळे, बोटं सोललेली.

"आई, किती ठोठावलं गं! सगळे घरी गेले. दार का नाही उघडलंस?"

"अगं, दार तर उघडंच..." जेरुशानं वळून पाहिलं. दाराला आतून अडसर होता.

"खिडकीतून दिसत होतीस की मला! नुसती बघत बसली होतीस." डॉर्कसला हुंदका आला. "आणि ती शेगडीवर पाय ठेवून बसलेली बाई... तुझ्या कानाशी लागून सारखी तेच म्हणत होती..."

"काय... काय म्हणत होती?"

"उघडू नकोस. पहारेकऱ्यांचा डाव असेल."