नेविलची गाडी नकोच

ठाण्याच्या कोपरीत मी आले होते वेगळीच गाडी बघायला. ती सकाळीच विकली गेली होती, आणि मला तसं कळवायची तसदी कुणी घेतली नव्हती. भर उन्हात चरफडत वळले… तर समोर एक लाल छोटी गाडी. मागच्या काचेवर ‘विकणे आहे’, आणि शेजारी बादलीत फडकं पिळणारा एक उंच मुलगा.

“बघायची आहे,” मी म्हटलं.

“या ना. पण मिस्टर कधी येतील? म्हणजे एकदमच दाखवतो.”

डोक्यात तिडीक गेली. “चालवणार मी. मिस्टर कशाला? हॉर्न वाजवायला?”

तो आधी लाजला, मग हसला. “सॉरी. मी नेविल.”

“संचिता,” मी म्हटलं. तेही रागातच.

मी फिजिओथेरपिस्ट. कल्याण, डोंबिवली, ठाणे… पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. रिक्षावाले मान हलवून पुढे निघून जातात, आणि तिकडे दुखरा गुडघा धरून कुणाची तरी आजी ताटकळत बसते. निम्मे पेशंट त्यापायीच सुटले होते. उरलेले टिकवायचे तर रोज कुरकुर न करता चालणारी एक स्वस्त गाडी हवी होती.

ट्रायलला शीळफाट्यापर्यंत गेलो. ट्रकांच्या गर्दीत नेविल माझ्या शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होता.

“पाय काढा तिथून!”

“काय करू? बोलताना तुम्ही माझ्याकडे बघता.”

“मी नाही बघत!”

“आत्ता बघितलंत…”

काय हा आगाऊपणा! आणि माझे गाल का तापले, ते मला विचारू नका. गाडी खरं तर एका ट्रायलमध्ये कळते. मी तीन घेतल्या.

तिसऱ्या वेळी त्याच्या आईने, उर्सुला आंटींनी, वर बोलावून चहा दिला. “बिनधास्त घे गं. गेल्या वर्षी नाल्याचं पाणी शिरलेलं आत, पार सीटपर्यंत. पण मी फादरना बोलावून परत ब्लेस करून घेतली ना. आता काय होत नाय तिला.”

माझा कप हातातच राहिला. नेविलने मान खाली घातली.

“ब्लेसिंगने वायरिंग सुकतं?” मी त्याला विचारलं. “बोलला का नाहीत?”

“आज सांगणारच होतो… तुम्हाला नसतीच विकली. तुम्ही एकट्या फिरता, कुठे बंद पडली तर—”

इथे माझं खरं डोकं फिरलं. “मला नसती विकली? मग कुणाच्या गळ्यात मारणार होता? ज्याच्याशी गप्पा मारायला मजा येत नाही, त्याच्या?”

कप तिथेच ठेवून मी तडक जिना उतरले. रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाही संताप. गाडी काय, दुसरी मिळाली असती. पण हा माणूस मला आवडला होता, आणि आता त्याच्यावर विश्वास ठेवता येत नव्हता.

रविवारी त्याचा फोन. “कल्याणहून एक गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला, महिपतदादा म्हणून. तुम्ही पण या. प्लीज.”

गेले. त्याने लपवलं तर भर रस्त्यात ओरडून सांगायचं, हे ठरवूनच गेले.

महिपतदादा बायकोला घेऊन स्कूटरवरून आले. काकूंच्या पिशवीत हार, नारळ आणि चाकाखाली ठेवायची लिंबं. बोलणी व्हायच्या आधीच काकूंनी हार बाहेर काढला.

“थांबा काकू,” नेविल म्हणाला. “गाडी पाण्यात बुडालेली. सीटपर्यंत. मी जाहिरातीत लिहिलं नव्हतं.”

“मग फोनवर सांगायचं ना रे!” महिपतदादा कडाडले. “सुट्टीचा दिवस घालवलास!”

“चुकलं, दादा.”

काकूंनी हार पिशवीत कोंबला. स्कूटर धूर सोडत निघून गेली. नेविलचे कान लालबुंद झाले होते.

“भंगारातच जाणार आता,” तो म्हणाला. “जाऊ दे.” मग थांबला. “संचिता… मला तुम्ही आवडता. हे पण आधीच सांगायला हवं होतं.”

“हवंच होतं!” माझा आवाज अजून चढलेलाच होता. “मला पण आवडता तुम्ही. त्याचाच तर एवढा राग आलेला!”

तो हसला. आणि या वेळी मी त्याच्याकडे बघत राहिले, कबूल करून.