पाऊस मोजणाऱ्या बिया

पेरणीनंतर एकविसाव्या दिवशी सकाळी पीकतज्ज्ञ सिसिलिया रुमावने वाफ्यावरचं ओलं गोणपाट उचललं आणि भिंग घेऊन ती मातीवर वाकली. वाफा चार मीटर लांबीचा होता. गाजराच्या बाजूला काहीच नव्हतं. पालकाच्या बाजूला तीन कोंब दिसले, तेही फिकट आणि मान टाकलेले. बाराशे बियांतून तीन. तिने गोणपाट पुन्हा नीट अंथरलं आणि सोळावी पेरणी फसल्याची नोंद केली.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, कायम सावलीत असणाऱ्या एका विवराच्या काठाखाली 'हिमतळ' ही वस्ती खोदलेली होती. विवरातला बर्फ वितळवून पाणी मिळायचं, काठावरच्या आरशांतून प्रकाश खाली यायचा आणि चौसष्ट माणसं तिथे राहत होती. मात्र कोणालाही चार वर्षांपेक्षा जास्त राहता येत नसे आणि कोणालाही घरच्यांना आणता येत नसे. पृथ्वीवरच्या नियामक मंडळाचं म्हणणं सरळ होतं: ज्या वस्तीला पेरायचं बी खालून मागवावं लागतं ती वस्ती नव्हे, मुक्कामाची जागा. चौदा पिकं बीपासून बीपर्यंत तिथेच घेऊन दाखवा, मग चार वर्षांची अट काढू आणि कुटुंबं पाठवू. त्यासाठी तीन वर्षांची मुदत होती. त्यातली दोन संपली होती. गहू, मेथी, मोहरी, टोमॅटो, चवळी अशी बारा पिकं झाली होती. अडली होती ती गाजर आणि पालक.

सिसिलियाने काय करायचं बाकी ठेवलं होतं? गाजराचं बी खोल गेलं तर वर येत नाही म्हणून ते अर्धा सेंटिमीटरवर पेरलं. वरची माती क्षणभरही सुकू नये म्हणून गोणपाट घातलं. पालकाला उष्णता चालत नाही म्हणून वाफा अठरा अंशांवर ठेवला. चंद्राच्या कमी गुरुत्वात पाणी खाली न झिरपता बीभोवती पाझरून बसतं आणि बी गुदमरतं, म्हणून मातीखालून हवा खेळवली. एवढं करूनही आकडे उतरतच गेले. पहिल्या पेरणीत शंभरातल्या साठ बिया उगवल्या होत्या, दुसरीत चाळीस, पाचवीत अकरा. बी जुनं झालं असेल म्हणून नवं मागवलं. त्याच पिशवीतलं बी पुण्याच्या प्रयोगशाळेत शंभरात ब्याऐंशी उगवलं आणि इथे जवळजवळ शून्य.

"म्हणजे दोष बियांत नाही," ती जेवणघरात हरिश्चंद्र डोंगरदिवेला म्हणाली.

डोंगरदिवे वस्तीचा जलअभियंता. मूळचा परभणीचा, बोलायला शांत, पण पाण्याचा विषय निघाला की हळूच खुलणारा. त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी परभणीला होती. त्याच्या चार वर्षांतली तीन संपली होती.

"मग माती?" त्याने विचारलं.

"त्याच मातीत मेथी चौथ्या दिवशी वर येते. हवा तीच, प्रकाश तोच."

"आणि पाणी माझं." तो हसला. "ताई, पाण्यावर संशय घेऊ नका. जे पाणी आपण पितो, तेच तुमच्या वाफ्याला जातं. क्षार नाहीत, जंतू नाहीत, धातू नाहीत. घाम, वाफ, सांडपाणी, सगळं उकळून पुन्हा थंड करून येतं. हजार लिटरमधले तीन लिटरसुद्धा वाया जात नाहीत."

"संशय घेत नाही हो. बी भिजवून पेरते, तेही तुमच्याच पाण्यात. वसईला आमच्या वाडीत पालकाचं बी रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी ते लालसर पाणी फेकून द्यायचे. मीही फेकून देते."

डोंगरदिवेने घास तसाच धरून ठेवला. "कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"फेकता कुठे?"

"मोरीत."

"ताई, इथे पाणी फेकता येत नाही. मोरीतलं पाणी अकरा दिवसांनी तुमच्या वाफ्यावर परत येतं."

सिसिलियाने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "ते पाणी का फेकतात, हे मी तीस वर्षं शिकवत आले आणि इथे येऊन विसरले."

"मला सांगा," तो म्हणाला.

"गाजराच्या बीच्या सालीत एक सुगंधी तेल असतं. पालकाच्या टरफलात वेगळं द्रव्य असतं, पण काम तेच. दोन्ही अंकुराला रोखून धरतात. अंकुररोधक म्हणा. बी इवलीशी असते, तिच्यात साठा थोडा. एकदा जागी झाली की माघारी फिरता येत नाही. नुसती ओल लागली म्हणून कोंब काढला आणि पुढे पाऊस आलाच नाही, तर ती मेली. मग तिला कळणार कसं की ही चुकार सर नाही, खरा पाऊस आहे?"

"कसं?"

"अंकुररोधक धुऊन जातो त्यावरून. थोडं पाणी आलं तर थोडाच जातो. बराच पाऊस पडला की सगळा वाहून खाली जातो आणि कुलूप उघडतं. बी पाण्याचा स्पर्श झाला का, हे बघत नाही. पाणी येऊन *गेलं* का, हे बघते. ती पाऊस मोजते, डोंगरदिवे. आणि इथे पाणी कधी जातच नाही."

डोंगरदिवे पुढे झुकला. "तेल सुगंधी आहे म्हणालात. म्हणजे उडणारं?"

"हो."

"मग ते उकळताना वाफेबरोबर वर जातं आणि वाफेबरोबरच पुन्हा थंड होतं. माझं यंत्र त्याला अडवणार नाही, उलट सांभाळून आणून देईल. आणि पालकाचं द्रव्यही बारीकच असेल, चाळणीतून सुटणारं." त्याने हातातला घास ताटात ठेवला. "पूर्वी इथे कोळशाच्या गाळण्या होत्या. कोळसा पृथ्वीवरून आणावा लागायचा. पहिल्याच वर्षी मी त्या काढल्या आणि सगळं उष्णतेवर चालवलं. त्यासाठी मला शाबासकी मिळाली. तुमची पहिली पेरणी कधीची?"

"त्याच महिन्यातली."

प्रत्येक पेरणीच्या भिजवणीतला अंकुररोधक पाण्याच्या चक्रात पडत गेला होता. प्रत्येक नव्या बीला जुन्या सगळ्या बिया सांगत होत्या की अजून पाऊस झालेला नाही, थांब.

हे नुसतं तर्काने म्हणून भागणार नव्हतं. वस्तीच्या प्रमुख नफिसा इनामदार यांच्याकडे दोघं गेली. सिसिलियाला विवरातून थेट काढलेलं, चक्रात कधीच न गेलेलं पाच लिटर पाणी हवं होतं आणि वापरून झाल्यावर ते चक्रात परत द्यायचं नव्हतं.

"म्हणजे पाणी बाहेर टाकायचं," इनामदार म्हणाल्या. या वस्तीत असं वाक्य त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"बाटलीत बंद करून ठेवू," सिसिलिया म्हणाली. "पण बियांना ते गेलेलं दिसलं पाहिजे."

"आणि तुमचा अंदाज चुकला तर?"

उत्तर डोंगरदिवेने दिलं. "मॅडम, अंदाज चुकला तर पाच लिटर गेले. बरोबर ठरला तर दोन वर्षं मीच या पिकाला अडवत होतो, हे सिद्ध होईल. तरी मला ते बघायचं आहे."

इनामदारांनी सही केली.

सिसिलियाने चार बशा मांडल्या, दोन गाजराच्या, दोन पालकाच्या, प्रत्येकीत शंभर बिया. दोन्ही पिकांच्या एकेका बशीतलं बी चक्रातल्या पाण्यात भिजवलं. उरलेल्या दोन बशांतल्या बीवर तिने ताज्या बर्फाचं पाणी थेंबाथेंबाने सोडलं आणि खालून काढून घेतलं. असं दिवसातून पाच वेळा, तीन दिवस. पालक सहाव्या दिवशी फुटला. दहाव्या दिवशी गाजराच्या बशीत पांढरी टोकं दिसली, दुपारपर्यंत ती मोजून एक्काहत्तर झाली. चक्राच्या पाण्यातल्या दोन्ही बशा तशाच ढिम्म राहिल्या.

डोंगरदिवेने बशीकडे पाहिलं आणि तो कामाला लागला. पृथ्वीवरून कोळसा मागवायला वेळ नव्हता. त्याने गव्हाचं काड हवाबंद भट्टीत जाळलं, त्याचा कोळसा केला, त्यावर वाफ सोडून तो सच्छिद्र केला आणि मुख्य नळाच्या तोंडाशी गाळणी बसवली. पहिल्या दोन गाळण्या फुटल्या, काळं पाणी दोन दिवस सगळ्यांना प्यावं लागलं, आणि जेवणघरात त्याच्याबद्दल बरंच बोललं गेलं. तिसरी टिकली. वाफ्यासाठी त्याने एक फिरतं पिंप बनवलं. त्यात बियांवर पाणी पडायचं, वाहून जायचं, कोळशातून गाळून पुन्हा पडायचं. वस्तीतले लोक त्याला 'डोंगरदिव्यांचा पाऊस' म्हणायला लागले. नाव त्याला आवडलं असावं, कारण त्याने ते कधी खोडून काढलं नाही.

सतरावी पेरणी शंभरात अठ्ठ्याहत्तर उगवली.

त्या आठवड्यात वाफ्याकडे येणाऱ्यांची रीघ लागली. खाणीतले लोक पाळी संपवून धुळीच्या कपड्यांनिशी दाराशी उभे राहायचे. बघायचं तरी काय होतं? बोटाएवढी हिरवी रेघ आणि तिच्या शेजारी गाजराची केसासारखी बारीक पानं. पण ती रेघ सरळ आणि सलग होती, मधे एकही मोकळी जागा नव्हती. इनामदार रोज सकाळी तिथे उभं राहून चहा पीत आणि मग कामाला जात.

पालकाला अखंड उजेड दिला, तो दीड महिन्यात तुऱ्यावर आला. गाजराला मधे आठ आठवडे थंडीत ठेवून फसवलं, हिवाळा होऊन गेला असं त्याला वाटायला लावलं. मग त्यालाही फुलांच्या पांढऱ्या छत्र्या फुटल्या. मुदत संपायला पाच आठवडे उरले असताना चंद्रावर पिकलेलं गाजराचं बी सिसिलियाच्या हातात आलं. आता एकच पायरी राहिली होती. हे बी पेरून उगवलं पाहिजे. गाजराला बारा-चौदा दिवस लागतील, मंडळाचा अहवाल त्यात बसेल, असा तिने हिशेब केला.

तिने दोन्ही पिकांचं बी दोन भागांत विभागलं. अर्धं पावसाच्या पिंपात तीन दिवस धुवायला टाकलं. अर्धं न धुता तसंच पेरलं. प्रयोगात तुलनेला काहीतरी हवं, एवढ्याचसाठी. ते उगवणार नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी पिंपातलं धुतलेलं बी पेरायला ती वाफ्याशी आली, तेव्हा न धुतलेल्या भागावरचं गोणपाट मधे किंचित वर उचललेलं दिसलं. तिने ते काढलं. खाली गाजर उगवलेलं होतं, जवळजवळ सगळं, आणि शेजारी पालकही. सिसिलिया वाफ्याच्या कडेवर बसली. चौथ्या दिवशी उगवलेलं गाजर तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि तिच्या वडिलांनीही पाहिलं नसणार.

तिने डोंगरदिवेला बोलावलं आणि उरलेल्या बियांतल्या थोड्या भिजवून ते पाणी गंधमापकाला, म्हणजे पाण्यातली बारीक द्रव्यं मोजणाऱ्या यंत्राला, द्यायला सांगितलं. त्याने दोनदा मोजलं.

"काहीच नाही," तो म्हणाला. "जवळजवळ शून्य. यांच्यात अंकुररोधकच नाही. असं कसं होईल?"

सिसिलियाला ते आता कळलं होतं. "बीमध्ये किती अंकुररोधक भरायचा, ते बी ठरवत नाही. तिची आई ठरवते. आईचं झाड उभं असताना किती ताण पडला, पाणी किती वेळा तुटलं, त्यावरून ती लेकींना कुलूप लावते. आम्ही आणलेलं सगळं बी पृथ्वीवरच्या आयांचं होतं. त्यांनी कोरडे दिवस पाहिले होते. या झाडांनी एकही पाहिला नाही. जन्मापासून मरेपर्यंत त्यांना तुम्ही पाणी दिलंत आणि ते एकदाही चुकलं नाही. मग लेकींना भीती कशाला घालतील?"

डोंगरदिवेने गंधमापक खाली ठेवला. "म्हणजे माझं पिंप..."

"निकामी झालं. यापुढे आपल्याला पाऊस पाडायला लागणार नाही."

तो मोठ्याने हसला, इतका की बाहेरच्या बोगद्यातली माणसं दारात आली.

इनामदार आल्या, त्यांनी वाफा पाहिला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर एकच विचारलं, "हे बी खाली पाठवलं तर? लोक चौथ्या दिवशी गाजर उगवलेलं बघायला उड्या मारतील."

"वाडीत झारीने पाणी घालणाऱ्याकडे उगवेल," सिसिलिया म्हणाली. "पण उघड्या रानात नाही टिकणार. वैशाखातली एखादी चुकार सर पडली की हे सगळं उठून उभं राहील आणि आठ दिवसांत करपेल. याला पाऊस मोजता येत नाही. हे बी पृथ्वीचं राहिलेलं नाही, मॅडम. याचं गाव हेच."

इनामदारांनी अहवालाची डिजिटल पाटी तिच्यापुढे केली. चौदा पिकांची यादी होती, बारांपुढे खुणा होत्या. सिसिलियाने उरलेल्या दोन्ही खुणा केल्या. खाली पुढच्या यानातून काय पाठवावं, याचा रकाना होता. आजवर ती तिथे एकच मागणी लिहीत आली होती, नवं बी. आज तिने डोंगरदिवेला विचारलं, "तुमच्या मुलीचं नाव काय?"

"समिधा."

तिने रकान्यात लिहिलं: गाजर आणि पालक यांचं बी यापुढे पाठवू नये. त्या जागेत माणसं पाठवावीत. पहिलं नाव, समिधा हरिश्चंद्र डोंगरदिवे, आणि तिची आई.